एकवार, दोनवार, आणि एक चूळ

३ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार,

मी मजेत आहे. तुम्ही कसे आहात हे विचारायला रविवारी फोन केला, तर तुम्ही तो कापलात. म्हटलं, चुकून बोट लागलं असेल. पुन्हा केला, पुन्हा कापलात. तिसऱ्यांदा केला तर बिचारा वाजून वाजून गप्प झाला. आता माणसाने समजायचं काय?

मग बसून आठवलं, आपल्या हातून काय घडलं असेल. पोरांकडे आपण चार दिवस एकत्र राहिलो. खिडकीजवळची खोली मी घेतली, पण ती तुम्हीच देऊ केली होती. रमीत रोज तुम्हाला हरवलं, त्याला माझा इलाज नाही. चांगलं पान आलं की तुम्ही भुवया उडवता. राहता राहिलं एकच. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आता व्याहीबुवांनाच लिलावात काढा, बघू कोण किती बोली लावतं." माझा मुलगा हसला, तुमची लेक तर त्याच्यापेक्षा जास्त हसली. तुम्हीही हसलात आणि लगेच उठून बाल्कनीत गेलात, ते बराच वेळ आलाच नाहीत. तेच मनाला लागलं का?

लागलं असेल तर मी माफी मागते. पण फोनवर मागेन, माफी कशी ऐकू यायला हवी. तेव्हा फोन उचला.

लोभ असावा, रुसवा नसावा.
तुमची विहीण

९ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

छे हो! रुसवा कसला? लिलावात काढायचं तर आधी वस्तूला किंमत असावी लागते. मला ती आहे असं तुम्ही धरून चाललात, हा मी माझा मानच समजतो. बाल्कनीत गेलो तो हवा खायला.

फोनचं म्हणाल तर तो बिघडलाय. हॉलमध्ये एक शिसवी कपाट सरकवताना खाली पडला आणि कपाट त्याच्यावरून गेलं. चेंदामेंदा! म्हणून हे पत्र. आणि खरं सांगू का, पत्रात मजा आहे. पत्र लिहिताना मधेच कोणी बोलत नाही.

आमचं लिलावघर तुम्ही पाहिलेलं नाही. घर मोडणाऱ्यांचं, गाव सोडणाऱ्यांचं, भावाभावांत न पटणाऱ्यांचं सगळं सामान शेवटी आमच्या हॉलमध्ये येतं. पलंग, आरसे, शिवणयंत्रं, एकदा तर भुसा भरलेला मोर आला होता. बुधवारी आणि शुक्रवारी मी चौथऱ्यावर उभा राहतो, हातोडा घेतो आणि पुकारा सुरू करतो. माइक नाही. आमच्या कैलासवासी मालकांचा कायदाच होता, ज्याचा आवाज शेवटच्या रांगेला पोचत नाही त्याने हातोड्याला हात लावायचा नाही. आता त्यांची मुलगी सगळं बघते, तीही तोच कायदा चालवते.

मोठी बातमी अशी, की स्टेशनसमोरचं मोठं हॉटेल बंद झालं आणि त्याचं झाडून सगळं सामान एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे निघणार आहे. दोन दिवसांचा लिलाव! असा लिलाव पुकारणाऱ्याच्या जन्मात एकदा येतो. मालकीणबाईंनी कोण पुकारणार ते अजून सांगितलं नाही, पण माझ्याशिवाय आहे कोण?

घरी सगळं शांत. हल्ली मीही फारसं बोलत नाही.

तुमचा व्याही

१४ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

चेंदामेंदा झालेला फोन दोनदा कापता कसा येतो, ते मला एकदा शिकवा. शिवाय तुमची लेक सांगते, "बाबांचा रोज सकाळी मेसेज येतो. फक्त बोलत नाहीत." म्हणजे कपाटाखाली चिरडलेला फोन लिहू शकतो, बोलू मात्र शकत नाही. नवलच आहे!

अहो, मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. कानाला यंत्र लावून हजारो लोकांचे आवाज एकमेकांना जोडले. "हॅलो" एवढ्यावरून मला कळायचं, माणूस सासऱ्याशी बोलणार आहे की सावकाराशी. तुम्हाला ते माहीत आहे. म्हणूनच तुम्ही माझा फोन घेत नाही. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? आवाज गेलाय ना?

आणि बाल्कनीतली हवा मला आता कळली. हसलं की तुम्हाला खोकल्याची उबळ येते, ती कोणी बघू नये म्हणून उठलात. मी वेडी, इकडे आठवडाभर माफीची वाक्यं जुळवत बसले.

कधीपासून आहे, काय आहे, डॉक्टर काय म्हणतात, सगळं लिहा. भुवया न उडवता.

तुमची विहीण

२० फेब्रुवारी

विहीणबाई,

हरलो. घ्या, पानं टाकली खाली.

आवाज गेले चार-पाच महिने बसत चाललाय. आधी लिलावाच्या शेवटीशेवटी घोगरा व्हायचा, आता पहिल्याच नगाला होतो. सकाळी "दूध ठेवा" म्हणालो तर दूधवाला म्हणतो, "काका आहेत का घरात?"

त्याच्या आधीचं सांगतो. पंचवीस वर्षं विड्या-सिगरेटी ओढल्या, त्या सुटूनही आता बरीच वर्षं झाली. पण जुन्या सामानाची धूळ सुटत नाही, ती तर माझी भाकरी आहे. गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, फुप्फुसांचा कायमचा आजार आहे, श्वासनळ्या सुजल्यात, अरुंद झाल्यात. दोन पंप दिले. एक निळा, अगदीच दम लागला तर घ्यायचा. दुसरा जांभळ्या टोपणाचा, त्यात सूज उतरवणारं स्टेरॉइड असतं. परवा त्या जांभळ्याच्या खोक्यातला कागद भिंग लावून वाचला. त्यात स्वच्छ छापलंय, आवाज घोगरा होऊ शकतो!

आता सांगा. पंप घ्यावा तर आवाज जातो, न घ्यावा तर दम लागतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात परवा मालकीणबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. पोरगी सरळ आहे, आडपडदा नाही. म्हणाली, "काका, शेवटच्या रांगेतली माणसं उठून पुढे यायला लागलीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत आवाज आला तर हॉटेल तुमचं. नाही आला तर मला भोंग्याला बोलवावं लागेल." भोंगा म्हणजे पलीकडच्या शहरातला पुकारणारा. माइक घेऊन पुकारतो, आणि तरीही ओरडतो.

मला तो लिलाव हवाय, विहीणबाई. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही. म्हणून मी ठरवलंय, लिलाव होईपर्यंत जांभळा पंप बंद. आवाज आधी, श्वास नंतर. मे महिन्यापासून हवा तेवढा घेईन. पोरांना यातलं काही सांगू नका.

व्याही

२५ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

श्वास नंतर म्हणजे? अहो, आवाज काय खिशातून निघतो? तो श्वासावरच बसून येतो ना बाहेर? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मला औषधातलं काही कळत नाही, आणि कळतं असा आव मी आणणार नाही. पण एक सांगते. आमच्या ह्यांनाही हाच आजार होता. त्यांचं दुखणं कळलंच फार उशिरा. त्यांच्या वेळची सगळी औषधं मी विसरले, पण डॉक्टरांचं एक वाक्य लक्षात आहे, "मला विचारल्याशिवाय काही सुरू करू नका आणि मला विचारल्याशिवाय काही बंद करू नका." तुम्ही कोणाला विचारलंत? खोक्यातल्या कागदाला!

डॉक्टरांकडे जा. त्यांना आवाजाचं सांगा. आजच्या आज. पोरांना तूर्त सांगत नाही, पण माझी जीभ किती दिवस दम धरेल याची खात्री देत नाही.

विहीण

१२ मार्च

व्याहीबुवा,

पत्राचं उत्तर नाही. काल मुलाला विचारलं तर तो आणि सूनबाई दोघं एकाच वेळी म्हणाली, "ते बरे आहेत, आई." एका सुरात, एका तालात. एक्स्चेंजमध्ये आम्हाला माहीत असायचं, दोन माणसं एकाच वेळी एकच वाक्य बोलली की ते वाक्य आधी ठरलेलं असतं.

तुम्ही दवाखान्यात आहात. मला कळलंय असं त्यांना मी कळू दिलेलं नाही, त्यांना तेवढंच समाधान. रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण तो राग काढण्याइतके तुम्ही बरे झालात की मग बघू. बरे व्हा. एवढंच मागणं आहे.

विहीण

१८ मार्च

विहीणबाईंना कोपरापासून नमस्कार.

घरी आलो. ठीक आहे. जीव शाबूत आहे आणि त्याहून मोठी बातमी पुढे आहे, पण क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल.

पंप बंद केला आणि तुमचं पत्र हातात पडायच्या आतच छाती भरली. कफ, धाप, शर्टाची बटणं लावतानाही थांबावं लागे. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, तिथे वाफेतून औषध, नाकाला नळी, काही दिवसांच्या गोळ्या. लेक आणि जावई दोघं धावत आली. आवाजापायी श्वास सोडला तर दोन्ही गेले, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

बरं वाटायला लागल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, बोलायला तुमच्याएवढ्या. म्हणाल्या, "पंप कसा घेता, करून दाखवा." मी खाटेवरून उठलो, खांदे मागे टाकले आणि चौथऱ्यावर चढायच्या आधी घेतो तसा घेतला. फुस्स, फुस्स, फुस्स.

"तीनदा का?"

"मोठा लिलाव असेल तर तीन. लहान असेल तर एक."

"आणि लिलाव नसतो त्या दिवशी?"

"त्या दिवशी कशाला? त्या दिवशी कुठे ओरडायचं असतं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, म्हणजे आठवड्यातून दोनच दिवस? आणि नंतर चूळ कधी भरता?"

आता मी काय सांगणार? तुम्हाला आमच्या धंद्यातली रीत ठाऊक नाही. आमचे वस्ताद सांगून गेले, चौथऱ्यावर चढायच्या आधी तासभर आणि उतरेपर्यंत घशाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पाणी लागलं की आवाजाची धार जाते. मी आजवर ती रीत मोडलेली नाही. म्हणजे पंप मारायचा, आणि वर दुपारपर्यंत कोरड्या घशाने ओरडायचं. ते सगळं औषध तिथेच, घशात आणि आवाजाच्या पडद्यांवर बसून राहायचं.

बाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या. मलाही हसू आलं आणि खोकला आला, आणि खोकताना आम्ही दोघंही हसत होतो. मग त्यांनी समजावलं. स्टेरॉइड म्हणजे गाडीत टाकायचं पेट्रोल नव्हे, की आज टाकलं आणि आज धावली. श्वासनळ्यांना आतून सूज आहे, ती रोज थोडी थोडी उतरते, आणि रोज घेतलं तरच उतरते. मी म्हणालो, "कळलं. दमट हवेत दार फुगतं तसं." त्या म्हणाल्या, "मग फुगलेलं दार तुम्ही काय करता?" म्हटलं, "ठोकत नाही. ठोकलं तर फुटतं. सावलीत ठेवतो, आपलं आपण वाळतं, वेळ लागतो." त्या म्हणाल्या, "लाकडाला वेळ देता, आणि स्वतःला मात्र पी हळद अन् हो गोरी?"

मी पंपाला टोपण लावलं.

पण खरी गोष्ट मी तुम्हालाही लिहिली नव्हती. आवाज इतके महिने बसलाय म्हटल्यावर माझ्या मनात एकच येत होतं, गाठ असेल. सिगरेटी ओढलेल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? ते कळू नये म्हणूनच मी डॉक्टरांकडे जात नव्हतो, लिलाव होऊन जाऊ दे, मग काय व्हायचं ते होवो. बाईंनी ते न सांगता ओळखलं आणि घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. मी डोळे मिटून घेतले होते. ते म्हणाले, "पडद्यांवर पांढरे ठिपके आहेत. बुरशी. औषधाने जाईल. बाकी काही नाही." मी म्हटलं, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझा विश्वास बसला. बाहेर बाकावर लेक होती, तिच्या गळ्यात पडून मी लहान मुलासारखा रडलो, आणि रडण्याचाही आवाज येईना, म्हणून पुन्हा हसलो.

तर आता असं आहे. जांभळा पंप बंद नाही. सगळ्यांनाच त्याची गरज नसते म्हणे, पण माझ्या रक्तात एका जातीच्या पेशी जास्त निघाल्या आणि असा झटकाही येऊन गेला, म्हणून मला त्याचा फायदा आहे. सकाळ-संध्याकाळ, रोज, मापात. पंपाला पुढे एक प्लॅस्टिकचा पोकळ डबा लावायचा, त्याला स्पेसर म्हणतात. त्यातून सावकाश ओढलं की औषध घशावर न आदळता खाली जातं. नंतर गुळण्या, चूळ, थुंकून टाकायचं. ताप आला किंवा कफ वाढला तर अंगावर न काढता लगेच त्यांच्याकडे, कारण या औषधाने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. हेही बाईंनी लपवलं नाही. आवाज कधी येईल म्हटलं तर म्हणाल्या, "यायला हवा. पण तारीख मी देणार नाही."

तारीख मात्र मालकीणबाईंनी दिलेली आहे.

तुमचा, अजूनही घोगरा,
व्याही

२४ मार्च

व्याहीबुवा,

पत्र चारदा वाचलं. घशाच्या डॉक्टरांपाशी आले की प्रत्येक वेळी थांबले, आणि प्रत्येक वेळी ते "बाकी काही नाही" म्हणाले. आज मला जेवण गोड लागलं.

आता राग काढते. लिलाव असेल तर तीन, नसेल तर शून्य! अहो, औषध म्हणजे काय पाहुण्यांसाठी काढायची कपबशी आहे? कोणी यायचं असेल तर बाहेर, नाहीतर कपाटात! माझा मुलगा लहानपणी परीक्षेच्या दिवशीच देवाला नमस्कार करायचा, त्याला मी जे बोलायची ते सगळं तुम्हाला बोललेय असं समजा.

आणि ते तुमचे वस्ताद. मोठ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण आमच्या एक्स्चेंजमध्ये दर टेबलावर कोमट पाण्याचा तांब्या असायचा. दोन कॉल झाले की एक घोट. संध्याकाळपर्यंत आमचा "हॅलो" सकाळच्या "हॅलो"सारखाच यायचा. तुमच्या वस्तादांनी धार सांभाळली असेल, पण आम्ही पातं सांभाळलं. चौथऱ्यावर पाणी ठेवा. लोक बघतील? बघू द्या. लोक बोली लावायला येतात, तुमचा घसा मोजायला नाही.

एक काम करा. आठवडाभर अजिबात बोलू नका, कुजबुजूही नका, कुजबुजण्याने घसा जास्त थकतो. हे मात्र डॉक्टरांना विचारून करा. बघा, मीसुद्धा शिकले.

तुमची विहीण

१६ एप्रिल

विहीणबाई,

बसा. खुर्ची घ्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती चांगली, त्या टेलिफोनवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. बुरशीचं औषध संपलं, जीभ स्वच्छ झाली. आठवडाभर मी मुका होतो. दूधवाल्याला पाटी लिहून दाखवत होतो, तर तो मला मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला. त्याला वाटलं मी बहिरा झालो. मग हळूहळू आवाज यायला लागला. आधी सकाळी तेवढा. मग दुपारपर्यंत. आणि गंमत म्हणजे श्वास त्याच्या आधी आला! आता शर्टाची सगळी बटणं एका दमात लागतात, आणि मधे गुणगुणायलाही उरतो.

काल मालकीणबाईंनी हॉल रिकामा केला, त्या स्वतः शेवटच्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "पुकारा, काका. काहीही." समोर एक मोडकी छत्री होती. चौथऱ्यावर चढलो. खिशातून पाण्याची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. बाईंच्या भुवया वर गेल्या, त्यांच्या वडिलांच्या आणि माझ्या वस्तादांच्या काळापासून त्या चौथऱ्यावर पाणी कोणी पाहिलेलं नव्हतं. मी एक घोट घेतला. मनातल्या मनात वस्तादांना म्हटलं, रागवा, पण ऐका. आणि त्या मोडक्या छत्रीचा असा पुकारा केला की बाहेर हमालांनी चहा टाकून आत डोकावलं!

आवाज पहिल्यासारखा नाही. थोडा जड झालाय, वरच्या पट्टीत फार जात नाही. मी उतरलो तर बाईंनी पर्स उघडली. मग म्हणाल्या, "छत्री मला द्या. मी घेतली."

हॉटेल माझं आहे, विहीणबाई! भोंगा घरी बसला!

तीस तारखेला आणि एक तारखेला लिलाव. यायचं हं. आमंत्रण समजा, आज्ञा समजा.

व्याही

४ मे

विहीणबाई,

आधी भांडतो, मग आभार मानतो.

तुम्ही शेवटच्या रांगेत बसलात, छान केलंत. पोरांना मधे बसवलंत, छान केलंत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हॉटेलच्या जेवणघरातलं ते मोठं टेबल आणि सहा खुर्च्या पुकारत होतो, हॉल खचाखच, माझा आवाज आता थकत आलेला, मी पाणी प्यायलो, छाती भरून श्वास घेतला, "एकवार!" म्हणालो, आणि तुम्ही हात वर केलात! "दोनवार!" म्हणालो, तर तुमचा हात आणखी वर! जावई तुमची बाही ओढतोय, लेक तोंडाला रुमाल लावून हसतेय, आणि तुमचा हात काही खाली येईना. मी काय करणार? हातोडा मारावा लागला. व्याही असो की विहीण, वर आला तो हात, पडला तो हातोडा.

नंतर म्हणता, "लाइन स्पष्ट लागली की आम्ही साहेबांना हात वर करून दाखवायचो. आवाज पोचतोय हे सांगत होते तुम्हाला." अहो, लिलावात हात वर करण्याचा एकच अर्थ असतो! मालकीणबाई सौदा मोडायला तयार होत्या, तर तुम्हीच ताठ. "घेतलं म्हणजे घेतलं. माझा मान काय मोडकी छत्री आहे?"

तर आता टेबल. मी माप घेतलं, ते तुमच्या जिन्याच्या वळणावर वळत नाही. म्हणून टेबल माझ्या घरी ठेवतोय आणि खुर्च्या येत्या शनिवारी तुमच्या घरी पोचवतोय, मी स्वतः हमालांबरोबर येतो. म्हणजे तुमच्या घरी बसता येईल, जेवता येणार नाही, माझ्या घरी जेवण आहे पण उभ्याने. दोघांनी एकमेकांकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता आभार. पण ते लिहून होणार नाहीत. मी शनिवारी म्हणेन, ऐकू येतील असे.

व्याही

१२ मे

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार,

खुर्च्या छान दिसतात. शेजारणी एकेक करून बसून गेल्या. एकीने विचारलं, टेबल कुठे? म्हटलं, ते सासरी आहे.

पण हे पत्र दुसऱ्या कारणासाठी लिहितेय. शनिवारी तुम्ही दारात उभे राहून बेल वाजवत होतात, पुन्हा पुन्हा. मी दार उघडलं तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "विहीणबाई, कान तपासून घ्या आता!" आणि मी ऐकून घेतलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या बाईला हे बोलण्याची कोणाची छाती नव्हती. तरी मी तुम्हाला उत्तर दिलं नाही, कारण पोरं होती, हमाल होते, आणि तेव्हा मला बोलता आलं नसतं.

बेल मला पहिल्याच वेळी ऐकू आली होती. त्याच्याही आधी, तुम्ही खालच्या दारातून आत आलात तेव्हापासून मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. आमचा जिना तीन मजल्यांचा. आमचे हे शेवटची दोन वर्षं तो चढून यायचे तेव्हा त्यांच्या पावलांशिवाय दुसरा आवाज यायचा नाही. एक पाऊल, मग थांबणं. वर येऊन दारातल्या स्टुलावर बसायचे आणि बोटाने खूण करायचे, जरा थांब, मग बोलतो. मी पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. लग्नानंतरची पहिली वर्षं तेच माणूस जिन्यात गाणी म्हणत यायचं.

शनिवारी तुम्ही जिन्यातून येत होतात आणि बोलत होतात. प्रत्येक वळणावर थांबत होतात, ते मी ऐकलं, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं असणार. पण थांबल्यावरही तुमचं तोंड चालू! हमालाला म्हणालात, "अरे, पाय वर कर, खुर्चीचा नाही, तुझा!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलंत, "ताई, इथे एक फार बोलणाऱ्या बाई राहतात, त्या कितव्या मजल्यावर?" तिसऱ्या जिन्याला तुमचा आवाज माझ्या दारापाशी आला, घोगरा नाही, तुटका नाही, मधे एकदाही संपला नाही. त्याच पायऱ्या, तेच कठडे. इतक्या वर्षांत त्या जिन्यातून माणूस हसत, बोलत वर येताना मी ऐकला नव्हता.

मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. तुम्ही बेल वाजवलीत, आणि "अहो विहीणबाई!" म्हणून हाक मारलीत. मग आणखी मोठ्याने. मग आणखी.

तुमची आणखी एक हाक मला ऐकायची होती, म्हणून मी दार उघडलं नाही.

तुमची विहीण